बिननावाचं कार्ड

कर्जतच्या बाजारपेठेतला छापखाना नावांवर जगतो. चि. आणि चि. सौ. कां. ही दोन नावं निमित्ताची. खरा मजकूर त्यांच्या खाली सुरू होतो. आजोबा, काका, आत्या, मामा, मग 'निमंत्रक', मग 'समस्त ग्रामस्थ मंडळी', आणि अगदी तळाला, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, असं म्हणणारी दोन-तीन भाचरं. कर्जत-खालापूर पट्ट्यात हळद लग्नाहून दांडगी, त्यामुळे हळदीचा वार आणि वेळ ठळक टायपात. एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर तो मांडवात येऊन जेवेल, आहेरही करील, पण ती गोष्ट विसरणार नाही. म्हणून प्रूफ वाचायला घरातलं सगळ्यांत भांडकुदळ माणूस पाठवावं, असं एक छापखानेवाले काका सांगतात. मला ते पटतं.

यात गंमत अशी, की पत्रिकेवरचा गणपती मात्र या छापखान्यात छापलेला नसतो. सोनेरी कड, उमटवलेला मोर, वेलबुट्टी हे सगळं शिवकाशी, दिल्ली अशा लांबच्या कारखान्यांतून तयार होऊन पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या घाऊक बाजारात येतं. तिथून गठ्ठ्यांनी कर्जतला, खोपोलीला, चौकला. आतलं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर नाव-गाव-मुहूर्त चढवायचा, हे आपल्या छापखान्याचं काम. कॅलेंडरचंही तसंच. वर लक्ष्मी आयती यायची आणि खाली दोन बोटं पट्टी मोकळी सोडलेली असायची. त्यात 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी, मु. पो. नेरळ' एवढं इथं छापायचं. चित्र मोठ्या गावाचं, नाव लहान गावाचं, अशी ही वाटणी कितीतरी वर्षं बिनबोभाट चालत आली. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तेव्हा या पट्टीतला एक शब्द बदलला. वाटणी काही बदलली नाही.

आता अशाच एका छापखान्याच्या मनात उलट्या दिशेनं जायचं आलंय. आपण चित्र छापायचं, आत जागा कोरी ठेवायची, आणि ते कार्ड मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत जाऊन कुणा अनोळखी माणसानं घ्यायचं. दिवाळीचं, वाढदिवसाचं, नुसतंच 'आठवण आली' म्हणून धाडायचं. मालकांची सून चित्रकला शिकलेली, तिच्या डोक्यातली ही कल्पना. इर्शाळगडाचा सुळका, माथेरानची गाडी, आवणीच्या वेळी चिखलात ओणवलेल्या बायका. दोन रंगांत, फार तर तीन.

मशीन तेच, ट्रेडल. वर शाईची गोल तबकडी सावकाश फिरत असते, रूळ तिच्यावरून शाई घेऊन खाली फर्म्यावर, म्हणजे चौकटीत आवळलेल्या मजकुरावर, उतरतात, जबडा उघडतो. उजव्या हातानं कोरा कागद लावायचा, जबडा मिटतो-उघडतो, डाव्या हातानं छापलेला काढायचा, तोवर उजव्या हातात पुढचा. मशीनमनची नजर कागदावर नसतेच. कान मशीनकडे असतो. फर्म्यात एखादा खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, सैल झाला की आवाज बदलतो म्हणे. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर खिळ्यांच्या केसेस बहुतेक ठिकाणी भंगारात गेल्या. इंग्रजीचं काम दोन केसेसमध्ये भागतं, मराठीला काने-मात्रे-जोडाक्षरांसकट शेकडो घरं लागतात. एवढा पसारा सांभाळणार कोण? शिसं, अँटिमनी, कथील, सगळं वजनावर गेलं. ट्रेडल तेवढं राहिलं, कारण बिलबुकांवर नंबर टाकायला, पावतीला भोकांची फाडरेघ पाडायला आणि खोक्यांचे कागद डायनं कापायला ते अजून लागतं. आता त्याच फर्म्यात पॉलिमरची प्लेट बसते.

पण खरा पेच दाबाचा झाला. जुन्या मशीनमनची सगळी विद्या दाब लपवण्यात. अक्षर कागदाला नुसतं टेकलं पाहिजे, पाठीमागून बोट फिरवलं तर काही लागता कामा नये; मागे टोचलं तर काम कच्चं. त्यासाठी पातळ कागदाच्या चिकट्या लावून लावून तासभर दाब सारखा करायचा. आणि आज मोठ्या दुकानातलं गिऱ्हाईक कार्ड हातात घेतलं की डोळ्यांआधी बोट फिरवतं. त्याला खड्डा हवा असतो. छपाई यंत्रावर झालीय, कुणाच्या तरी हाताखालून गेलीय, याची ती खूण. मग पुण्यात १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेत बनतो तसा, सुती चिंध्यांचा जाड मऊ कागद आणायचा आणि दाब मुद्दाम वाढवायचा. पहिल्यांदा हे करायला सांगितलं तेव्हा ट्रेडलवरचे मशीनमन काका म्हणाले, "सूनबाई, हे बिघडवायचेच पैसे मिळणार असतील तर आधी सांगायचं नाही का? मी इतकी वर्षं फुकट चांगलं करत बसलो."

लहान गावात चित्रं छापून मोठ्या बाजारात धाडायचा हा खेळ घाटाच्या वर, मळवलीला, एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला आणि १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. त्या वेळी मुंबईत प्लेग होता. ते शिळाछापाचं काम, आपल्या ट्रेडलचं नव्हे. दगडावर चित्र, एकेका रंगाला वेगळा दगड. पण त्याचे कागद मुंबईच्या बाजारात जायचे तर बोरघाट उतरून, म्हणजे कर्जतवरूनच गेले असणार. लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या स्टेशनातून गठ्ठ्यांनी खाली गेल्या, ही कल्पना मला फार आवडते. धंदा म्हणून मात्र रविवर्म्याला तो झेपला नाही. त्यानं छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. श्लायशरनं व्यापारी लेबलं आणि जाहिराती छापायला घेतल्या आणि छापखाना पुढे कितीतरी वर्षं चालला. १९७२ साली आगीत तो जळाला. चित्रकाराला नाही जमलं, लेबलवाल्याला जमलं, हे वाक्य मी सूनबाईंसमोर अजून उच्चारलेलं नाही.

कोऱ्या जागेचा धंदा जुना आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोलनं नाताळचं पहिलं विकाऊ कार्ड काढलं ते हजार प्रतींचं. वर आणि खाली एकेक ओळ मोकळी: कुणाला, कुणाकडून. किंमत एक शिलिंग, त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. पण कार्ड छापणं आणि ते दुकानात दिसणं यांत केवढं अंतर असतं हे कळलं ते अमेरिकेतल्या जॉइस हॉलला. १९१० साली तो कॅन्सस सिटीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ बुटांच्या दोन खोक्यांत भरलेली पोस्टकार्डं होती. पुढे त्याचं 'हॉलमार्क' झालं. दुकानदार तेव्हा कार्डं खणात ठेवत, गिऱ्हाइकानं मागितली तर काढून दाखवत. हॉलच्या कंपनीनं १९३० च्या दशकात उघडी मांडणी आणली, लोकांनी स्वतः उचलून पाहावी अशी. आपल्याकडे १९७९ साल यासाठी लक्षात ठेवण्यासारखं. दिल्लीत शुभेच्छाकार्डांचं 'आर्चीज' सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईत रिप्पन कपूर यांनी 'क्राय' ही मुलांसाठीची संस्था सुरू केली, जिची कार्डं विकत घेणं हा पुढे मध्यमवर्गीय घरांतला एक सुसंस्कृत रिवाज झाला. मोबाइलनं तो रिवाज मोडला. आता फुलांची चित्रं पहाटे फुकट येतात, त्यामुळे कागदाचं कार्ड घेणारा माणूस थोडा, पण हट्टी.

त्या हट्टी माणसापर्यंत पोचायचं तर वाट मोठ्या दुकानातून जाते, आणि दुकानाची भाषा वेगळी. नमुन्यांचा संच पाठवा. किमान बारा डिझाइनं हवीत, तीन चालणार नाहीत. प्रत्येकाला बारकोड. हा बारकोड ट्रेडलवर छापायला गेलं तर दाबानं रेघा फुगतात आणि काउंटरवरचं यंत्र तो वाचतच नाही. म्हणून ८९० नं सुरू होणारी ती चिकटपट्टी बाहेरून आणायची आणि इतक्या देखण्या कार्डाच्या पाठीवर डकवायची. जीएसटीच्या यादीतला मालाचा आकडा ४९०९. तो मात्र नवा नाही. सरकारी यादीत शुभेच्छाकार्ड आणि लग्नपत्रिका एकाच ओळीत बसतात.

मग पैसे. समजा, कार्डाची किंमत दीडशे रुपये. दुकानाचे चाळीस टक्के म्हणजे साठ गेले. वितरक मध्ये असेल तर त्याचे पंधरा टक्के, साडेबावीस. उरले साडेसदुसष्ट, त्यात कागद, पाकीट, प्लेट, प्लॅस्टिकची पिशवी, वाहतूक आणि माणसाची मजुरी. कर्जतला पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, घाट चढवून देतं आणि वर सुटं होऊन परत येतं. वितरकाचं कामही तेच. फरक एवढाच, की हा सुटा होत नाही, पुढच्या सपाटीवरही त्याचे पंधरा टक्के चालूच. माल विकला तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर कोपरे दुमडून परत. बिल साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात. कायदा ठाऊक असणं वेगळं आणि पहिल्याच ऑर्डरला तो दुकानाला ऐकवणं वेगळं.

पत्रिकेत हे काही नसतं. अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे माल नेताना, आणि उरलेला माल परत येण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका जगात कुणाच्या उपयोगाची? नाव छापलं की माल तिथंच विकला गेलेला असतो. बिननावाच्या कार्डाला दुकानात उभं राहून वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्याचं भाडं छापणाऱ्यानं भरायचं.

वर पाऊस. मोठ्या दुकानांना दिवाळीचा माल गणपतीच्या आधीच ठरवून हवा असतो, म्हणजे तो छापायचा आषाढ-श्रावणात. त्या दिवसांत कर्जतला भिंती घाम गाळतात. सुती कागद दमट हवेत फुगतो. पहिला रंग सकाळी छापला आणि दुसरा दुपारी चढवायला गेलं तर माथेरानच्या गाडीची चाकं डब्याखालून केसभर सरकलेली. शाई दोन-दोन दिवस वाळत नाही, गठ्ठ्यात पाठीला लागते. मग कागद दोरीवर चिमट्यांनी टांगायचे, वर साठचा बल्ब लावायचा. नेमकं याच वेळी तालुक्यातल्या यच्चयावत मंडळांना वर्गणीची पावतीपुस्तकं हवी असतात, नंबर टाकून, उद्याच. कार्यकर्ते दारात मोटारसायकली लावून उभे. अशा वेळी मालक ट्रेडलवरून इर्शाळगड उतरवतात आणि 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' चढवतात. सूनबाई बोलत नाहीत. दोरीवरचे कागद मोजत बसतात.

तरी ऑर्डर आलीय. मुंबईच्या एका दुकानाची, लहानशी, सहा डिझाइनांवर तडजोड करून. गणपती झाले की माल जायचाय. अडलंय ते मागच्या बाजूपाशी. कार्डाच्या पाठीवर तळाशी बारीक टायपात छापखान्याचं काय लिहायचं, यावर घरात एकमत होत नाही. सूनबाईंना फक्त 'कर्जत' हवंय, एकच शब्द, मध्यभागी, भोवती भरपूर मोकळी जागा. मुंबईच्या माणसाला तेवढं पुरे, तो शनिवारी इथंच येतो, असं त्यांचं म्हणणं. मालकांना पूर्ण पत्ता हवा: छापखान्याचं नाव, बाजारपेठ, ता. कर्जत, जि. रायगड, पिन ४१०२०१, आणि दोन फोन नंबर. कार्ड आवडलं आणि पोरीचं लग्न निघालं, तर माणसानं यायचं कुठं, असं ते विचारतात. काकांनी दोन्ही प्रूफं काढून टेबलावर ठेवलीत.