गाडीचा ताप

ताप हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण आहे, हें वाक्य वैद्य व डॉक्टर आपल्याला इतक्या वेळां ऐकवितात, कीं आपण तें खरें मानतों आणि लगेच विसरतों. मीही विसरलों होतों. मला तें पुन्हां शिकविलें एका वीस वर्षांच्या जुन्या पिकअप गाडीनें. आणि शिकवणीचें स्थळ होतें पसरणीचा घाट.

ही गाडी माझ्या थोरल्या भावाची. वाईच्या पेठेंतून खताचीं पोतीं भरून पांचगणीकडच्या शेतकऱ्यांना पोंचवावयाचीं आणि उतरतांना स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणावयाच्या, हा दादांचा व्यवसाय. दोन वर्षांपूर्वीं दादा गेले आणि गाडी पुतण्याकडे आली. सपाट रस्त्यावर ती गरीब गाईसारखी चाले. वाईहून साताऱ्यापर्यंत तिनें कधीं कुरकुर केली नाहीं. पण भरलेली घाट चढूं लागली, कीं निम्म्या वाटेंत तिचा कांटा लाल रेघेकडे झुकावयाचा आणि पुढच्या एखाद्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ निघावयाची. दादांनीं त्यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. सीटमागें विहिरीच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधलेला असे. ठराविक वळणावर थांबावयाचें, चहा प्यावयाचा, गाडी निवाली कीं पाणी ओतावयाचें आणि निघावयाचें. "तिला तहान लागते रे," असें ते मला हंसत सांगत.

गेल्या दिवाळींत पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला बरी किंमत देतोय. देऊन टाकूं का?" प्रश्न साधा नव्हता. नवी गाडी घ्यावयाची म्हणजे सात-आठ लाखांचें कर्ज, आणि सगळें घर त्या चार चाकांवर उभें. मीं दोन रात्री वाचन केलें आणि तिसऱ्या दिवशीं माझें निदान जाहीर केलें : एंजिनाचें डोकें व धड यांमधील गॅस्केट फाटलें आहे; एंजिन उघडण्यास जो खर्च येईल, त्यांत गाडीची अर्धी किंमत जाईल; तेव्हां विकावी हें उत्तम. माझ्या निदानांत आत्मविश्वासाची उणीव नव्हती. उणीव होती ती इतकीच, कीं मीं गाडीचें बॉनेट उघडून पाहिलें नव्हतें.

पुतण्याच्या मनाची समजूत म्हणून गाडी एका वृद्ध मिस्त्रींना दाखविली. त्यांनीं पान्याला हातही लावला नाहीं. आधीं प्रश्न विचारले. "सकाळीं चालू केल्याबरोबर कांटा चढतो का? रिकामी असतांना तापते का? सपाटीवर कांहीं नाहीं, चढावरच होतें ना?" तीस वर्षें मी वर्गांत प्रश्न विचारीत आलों आहें, पण ज्याचें उत्तर मला ठाऊक नाहीं असा प्रश्न मीं विद्यार्थ्यांना क्वचितच विचारला असेल. मिस्त्रींचे सगळे प्रश्न त्या जातीचे होते.

मग त्यांनीं थंड एंजिनावर रेडिएटरचें टोपण काढलें आणि एंजिन चालू केलें. पाण्यांत बुडबुडे नव्हते. गॅस्केट फाटलें असतें, तर जळालेला वायू पाण्यांत शिरून बुडबुडे दिसले असते. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधट झालें नव्हतें. धुरांत पांढरी वाफ नव्हती. "सर, गॅस्केट शाबूत आहे," ते म्हणाले. माझ्या दोन रात्रींच्या विद्वत्तेला त्यांनीं दोन मिनिटांत निरोप दिला.

खरीं कारणें मात्र एक नव्हे, चार निघालीं. आणि प्रत्येक एकटें असतें, तर बहुधा सोसलें गेलें असतें. डिझेलच्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा पाण्याच्या वाटेनें बाहेर टाकावा लागतो. भरली गाडी घाटांत सावकाश चढते, म्हणजे एंजिन सर्वाधिक राबतें आणि समोरून येणारा वारा सर्वांत कमी असतो. सारी भिस्त तेव्हां पंख्यावर. या पंख्याच्या मध्यभागीं सिलिकॉन तेलाचा एक क्लच असतो. एंजिन तापलें कीं त्यानें पंख्याला घट्ट धरावें, अशी योजना. आमच्या पंख्याचें तेल केव्हांच गळून गेलें होतें. एंजिन तापवून बंद केल्यावरही तो बोटाच्या धक्क्यानें लहान मुलाच्या भिरभिऱ्यासारखा फिरला. सपाटीवर वारा त्याची उणीव भरून काढी. चढावर ती उघडी पडे.

दुसरें कारण पाणी. दख्खनच्या विहिरींचें पाणी जड. तापलें कीं त्यांतला चुना धातूवर बसतो, आणि हा थर उष्णतेला फार सावकाश वाट देतो. दादांनीं वर्षानुवर्षें मायेनें पाजलेलें पाणीच रेडिएटरच्या नळ्यांत दगड होऊन बसलें होतें. तिसरें, टोपण. आम्हीं त्याला नुसतें झांकण समजत होतों. वास्तविक तें आंतला दाब राखण्याचें यंत्र आहे. पांचगणीच्या सुमारें तेराशे मीटर उंचीवर उघडें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतें. तेंच हवेच्या दुपटीइतक्या दाबाखालीं ठेवलें, तर सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. आमच्या टोपणाचें रबर लाकडासारखें झालें होतें. दाब राहत नव्हता, पाणी लवकर उकळे, सांडे, आणि उरलेलें अधिक तापे. चौथें, थर्मोस्टॅट. पाणी ८२ अंशांच्या सुमारास तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी ही मेणाची झडप मागें कोणी तरी "हीच गाडी तापविते" म्हणून काढून टाकली होती. या एंजिनाच्या रचनेंत तीच झडप उलट बाजूची जवळची वाटही बंद करते. ती नसल्यामुळें कांहीं पाणी रेडिएटरकडे न जातां परस्परच परतत होतें.

रेडिएटर उघडून साफ झाला, पंख्याचा क्लच, टोपण व झडप नवीं बसलीं. राहिला प्रश्न कूलंटचा. दुकानांत हिरवा, लाल आणि निळा असे तीन कॅन मांडले होते. "लाल जास्त दिवस चालतो," दुकानदारानें सांगितलें. रंगावरून कूलंट निवडणें म्हणजे पुठ्ठ्यावरून पुस्तक निवडणें. रंग हा कंपनीच्या मर्जीचा, पाहावयाचें तें आंतलें गंजरोधक द्रव्य आणि डब्यावरील मानकाचा उल्लेख, आपल्याकडे आय. एस. ५७५९ हा. मूळ द्रव बहुधा एकच, इथिलीन ग्लायकॉल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वुर्त्स या फ्रेंच रसायनज्ञानें तो प्रथम तयार केला. नव्या सेंद्रिय आम्लांच्या जातीचा कूलंट पांच वर्षें टिकतो हें खरें. परंतु आमचा रेडिएटर पितळेचा आणि शिशाच्या डाकाचा. अशा जुन्या धातूंना सिलिकेटयुक्त जुनी जातच मानवते. मात्र ती दर दोन वर्षांनीं बदलावी लागते. दोन जातींची भेसळ तर करूंच नये. दोहोंचेंही आयुष्य घटतें.

आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, मग हें औषध कशाला, असें पुतण्यानें विचारलें. पाणी व ग्लायकॉल निम्मेनिम घेतलें, तर उत्कलनबिंदु सहा-सात अंशांनीं चढतो आणि गंज व चुना यांपासून रक्षण होतें, म्हणून. "मग निव्वळच ओतूं या कीं!" हा त्याचा पुढचा उत्साह. पण उष्णता वाहून नेण्यांत पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर विमानाच्या मर्लिन एंजिनांतही प्रारंभीं निव्वळ ग्लायकॉल असे. पुढें तीस भाग ग्लायकॉल, सत्तर भाग पाणी आणि वर दाब, असा मार्ग पत्करण्यांत आला. आम्हीं साडेचार लिटर कूलंट आणि तितकेंच बॅटरीचें शुद्ध पाणी मिसळून, हवा बाहेर पडेल अशा बेतानें, सावकाश भरलें. सांडलेले थेंब मिस्त्रींनीं लगेच धुऊन काढले. हा द्रव गोड असतो आणि कुत्रीं तो चाटून मरतात.

एवढ्यानें ही हकीकत संपली असती. पण "सपाटीवर कांहीं नाहीं, चढावरच होतें ना?" हा मिस्त्रींचा प्रश्न मला रात्रीं झोंपूं देईना. दादांच्या छातींत जळजळ होई. घराच्या ओट्यावर बसून असले कीं कांहीं नसे. माडीचा जिना चढतांना ते मध्येंच कठड्याला धरून थांबत, आणि वर आल्यावर पाण्यांत सोडा घालून पीत. "पित्त आहे रे," असें म्हणत. मीं तें मानलें. इतकेंच नव्हे, पुण्याहून एक उत्तम चूर्णही आणून दिलें. ते हृदयविकारानें गेले, तेव्हां चूर्णाची बाटली अर्धी उरली होती. मिस्त्रींनीं गाडीला जो प्रश्न विचारला, तो माझ्या भावाला आम्हांपैकीं कोणीही विचारला नाहीं.

माघांत मी पुतण्याबरोबर घाट चढलों. मागें खताचीं पोतीं होतीं. कांटा मध्यावर आला आणि तेथेंच राहिला. तरी दादांच्या वळणावर पुतण्यानें गाडी बाजूस घेतली. त्याचें त्यालाच हंसूं आलें. कॅन अजून सीटमागें होता. त्यांतलें पाणी आम्ही दोघे प्यालों आणि निघालों.

कॉलेजांत माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो. पुढच्या सोमवारीं मी डॉक्टरांकडे गेलों, आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशीं मी हल्लीं कां थांबतों, तें प्रथमच कोणाला तरी सांगितलें.