आधी जोतं

नवा कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की जो तो पहिल्यांदा प्रोसेसरचं नाव घेतो. मग रॅम, मग एसएसडी, जमलं तर ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डाची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तीही ‘याला चालेल असा एखादा द्या’ एवढ्यावर आटोपते. दुकानदार हाताला लागेल तो खोका काढून देतो. पुढची सात-आठ वर्षं त्या यंत्राचं काय होणार, ते तेवढ्यात ठरून गेलेलं असतं. मला ही रीत उलटी वाटते. औंढ्यात मी आधी रेडिओ-टीव्ही आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं. जळालेला प्रोसेसर माझ्या टेबलावर फार क्वचित आला. ‘बोर्ड गेला’ हे मात्र नेहमीचंच.

नागनाथाच्या गावात राहणाऱ्याला जोत्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. देवळाला प्रदक्षिणा घालताना नजर आपसूक खालच्या थरांवर रेंगाळते. काळ्या दगडातल्या हत्तींच्या रांगा, देवदेवता, घडीव कोपरे, एकावर एक चढत गेलेले पट्टे. ते यादवकाळातलं काम. मान वर केली की पांढरं शिखर दिसतं, ते बऱ्याच नंतरचं, विटा-चुन्याचं. मधे देऊळ मोडलं, पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं इथं सांगतात. वरचं साहित्य वेगळं, कारागीर वेगळे, शतकं वेगळी. पण नवं काम उभं राहिलं ते जुन्याच जोत्यावर. त्या जोत्यात पुढचा भार घ्यायची ताकद होती. बोर्ड निवडताना मला तेच हवं असतं. प्रोसेसर बदलेल, रॅम वाढेल, डिस्क नवी येईल, बोर्ड जागेवर राहील.

यंदा घरात हा प्रश्न आला तो पुतणीमुळे. ती नांदेडला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला घरी असा डेस्कटॉप हवा होता, जो दिवसा तिच्या अभ्यासाला येईल आणि रात्रभर ‘आइनस्टाइन ॲट होम’ चालवेल. २००५ साली सुरू झालेला हा प्रकल्प. जगभरातले लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ त्याला देतात. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी आणि दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती लहान लहान तुकड्यांत घरोघरी येते, तिथल्या यंत्रावर तपासली जाते आणि परत जाते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या कॉम्प्युटरनी अशाच तुकड्यांतून एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, शोधून काढला. साधे, रोजच्या वापरातले कॉम्प्युटर होते ते.

औंढ्याच्या मुलीला हे वेड लागावं यात मला नवल वाटलं नाही. गावाजवळच दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. ११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिली गुरुत्वीय लहर सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली. हळद, सोयाबीन आणि श्रावणातली गर्दी यांच्यासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता जगाच्या नकाशावर आणखी एका कारणाने लिहिलं जाईल. आमची मुलं त्या कुंपणाबाहेरून नुसती बघत राहू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून हा कॉम्प्युटर कसा जुळतो याला मी इतकं महत्त्व दिलं.

“काका, पैसा सगळा प्रोसेसरला लावू. बोर्ड साधा चालतोय की,” ती म्हणाली.

“रात्रभर चालवणार आहेस ना बाई? मग बोर्ड आधी बघू,” मी म्हणालो, आणि कागद घेऊन बसलो.

पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरच्या गाभ्याला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट, पण करंट मात्र प्रचंड. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएमडीचा प्रोसेसरही भर कामात ८८ वॅटपर्यंत जातो. म्हणजे साठ-सत्तर अँपिअरचा प्रवाह त्या नखाएवढ्या जागेत शिरतो. १२ चे सव्वा करण्याचं काम प्रोसेसरच्या शेजारी ओळीने बसवलेले मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर करतात. यालाच व्हीआरएम म्हणतात. पत्र लिहिताना किंवा सिनेमा बघताना त्यांना काही कष्ट नसतात. आठ-आठ तास पूर्ण भार पडला की स्वस्त बोर्डाचे मॉस्फेट तापतात, त्यांच्यावर ॲल्युमिनियमची हीटसिंक नसेल तर आणखीच. मग बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. महागडा प्रोसेसर घेतलेला असतो, पण चालतो तो स्वस्तासारखा.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट हाल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा एक जुना ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी कमी ठेवलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. २००० च्या आगेमागे बनलेल्या कित्येक बोर्डांचे कपॅसिटर जगभर फुगले आणि गळाले. तसे डोकं वर आलेले कपॅसिटर बदलण्यात माझे कितीतरी दिवस गेलेत. आता चांगल्या बोर्डवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, ते गळत नाहीत. पण उष्णतेचा हिशेब त्यांनाही चुकत नाही. ज्या गावात मे महिना असा असतो, तिथं व्हीआरएमवरची हीटसिंक हा शौक समजू नये.

हे सगळं व्यवहाराचं झालं. बोर्ड मला आवडतो तो मात्र दुसऱ्याच कारणाने. खोक्यातून काढलेला नवा बोर्ड उजेडात तिरका धरा आणि प्रोसेसरच्या सॉकेटपासून रॅमच्या खाचांपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या रेषा पाहा. काही सरळ जातात. काही मात्र विनाकारण वळण घेतल्यासारख्या नागमोडी जातात. तिथं विनाकारण काहीच नाही. डीडीआर५ रॅम ६००० च्या वेगाने चालते तेव्हा एका बिटच्या वाट्याला एवढा थोडा वेळ येतो, की तेवढ्यात तो संकेत तांब्यातून जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो. सोबत निघालेले बिट सोबतच पोचले पाहिजेत. एखादी रेषा काही मिलिमीटर आखूड राहिली तर तिचा बिट आधी पोचेल आणि सगळा मेळ बिघडेल. म्हणून जवळच्या रेषेला मुद्दाम वळणं देऊन लांब केलेलं असतं, लांबच्या सोबत्याची वाट पाहायला लावलेलं असतं. चार, सहा किंवा आठ थरांच्या त्या पातळ पाटीत कुणीतरी बसून प्रत्येक रेषेची लांबी दुसरीशी जुळवलेली आहे. इतकं प्रेमाने केलेलं काम रोजच्या वस्तूंमध्ये मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

दुधाळ्याच्या शिवारात जे उभं राहायचं आहे त्याच्या मुळाशीही लांबीचाच मेळ आहे. लेसरचा एक किरण दुभागून दोन भुजांत सोडायचा, आरशांवरून परत आणायचा आणि पुन्हा एकत्र करायचा. भुजांचा मेळ पक्का असेल तर परतलेले दोन किरण एकमेकांना विझवतात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते आणि अंधारात थोडा उजेड उमटतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ ला आलेली पहिली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली तेव्हा निघालेली होती. पुतणीला मी हातातल्या बोर्डवरच्या त्या नागमोडी रेषा दाखवल्या तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःच विचारलं, “काका, सहा थरांचा घेतला तर किती फरक पडेल?” फरक पडतो. जास्त तांबं उष्णताही पसरवून नेतं आणि रॅमचे संकेतही स्वच्छ ठेवतं.

मग सॉकेटचा प्रश्न आला. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट २०२१ मध्ये आला, त्याच्यावर प्रोसेसरच्या तीन पिढ्या बसल्या आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आल्यावर तो मागे पडला. एएमडीचा एएम४ मात्र फार चालला. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डवर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर नुसता बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, बदलून बसला. जुन्या जोत्यावर नवं शिखर. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ साठीही कंपनीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर आणण्याचा शब्द दिला आहे. लहान गावातल्या माणसासाठी हा शब्द मोठा असतो. आपल्याकडे दर तीन वर्षांनी सगळंच नवं घेण्याची ऐपत कुणाची असते? म्हणून आम्ही एएम५ वर थांबलो. या सॉकेटमध्ये १,७१८ नाजूक पिना बोर्डवरच असतात. प्रोसेसर बसवताना एखादी वाकली तर वॉरंटी मिळत नाही. झाकण उघडताना बोलणं बंद, पंखा बंद.

रंगीत दिवे, बोर्डावरचं नक्षीदार प्लास्टिक, गेमिंगची नावं, यांच्यावर मी वेळ घालवला नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, हे मात्र पाहिलं. नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू आला नाही तर पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतो, दुसऱ्याचा प्रोसेसर उसना आणावा लागत नाही. बोर्ड चालू होताना अडला तर कुठे अडला ते सांगणारे चार छोटे एलईडी पाहिले. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शेजारच्या दुकानात दुसरी रॅम लावून बघता येते. औंढ्यात ती सोय नाही, म्हणून तो दिवाच आपला शेजारी. आणि वॉरंटीचा बोर्ड कुठे पाठवावा लागेल, किती दिवसांत परत येईल, हे पैसे देण्याआधी विचारून घेतलं.

एक गोष्ट कुठल्याच बोर्डाच्या खोक्यावर लिहिलेली नसते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल खोल जाते आणि घराचं अर्थिंग कमजोर होतं. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा येतात. तांब्याच्या केबलमधून आलेल्या झटक्याने लॅन पोर्ट गेलेले बोर्ड मी दर जूनमध्ये पाहत आलोय. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी सोडत जावं, कोळसा-मीठ भरून घ्यावं, आणि आभाळ गडगडलं की केबल काढून ठेवावी.

शेवटी आम्ही बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला, २४४ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. व्हीआरएमवर दोन बाजूंनी जाड हीटसिंक, रॅमच्या चार खाचा, एम.२ च्या दोन. प्रोसेसर सहा कोअरचा घेतला, पुतणीच्या मनातल्यापेक्षा एक पायरी खालचा. त्यातच चित्र दाखवण्याची सोय असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. रॅमच्या चारपैकी दोन खाचा आणि कार्डाची मोठी खाच सध्या रिकाम्या आहेत. तिला नोकरी लागेल तेव्हा त्या भरतील. तोवर तिचं यंत्र रात्री लायगोच्या माहितीत फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड लहरी शोधत बसतं. या लहरी अजून कुणालाच सापडलेल्या नाहीत.

औंढा, हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरीकडे कुणाच्या घरी किंवा कॉलेजात कॉम्प्युटर रात्री नुसता पडून असेल, तर त्याच्यावर ‘आइनस्टाइन ॲट होम’ जरूर चालवा. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त वीज लागते. त्याआधी एकदा बाजूचं झाकण काढा आणि प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेटवर हीटसिंक आहे की नाही ते बघा. नसेल तर मार्च ते जून चालवू नका, आणि पुढचा कॉम्प्युटर जुळवाल तेव्हा कागदावर पहिलं नाव बोर्डाचं लिहा.