आबांचा चित्ता

आमच्या पिढीला वाढदिवस नव्हते. जन्मतारखा होत्या, आणि त्याही हेडमास्तरांनी घातलेल्या. शाळेत नाव घालायला मूल आले की मास्तर त्याच्याकडे एकवार पाहत आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे होत. माझीही तारीख १ जून १९५० अशीच पडली. सरकारने त्या तारखेवर मला नोकरी दिली आणि त्याच तारखेवर हाती नारळ दिला, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

माझा खरा जन्म भाद्रपद वद्य पंचमीचा, म्हणजे ऐन पितृपंधरवड्यातला. "ह्या दिवसांत कसला आलाय वाढदिवस?" असे आई म्हणे. घरात कुणाचे ना कुणाचे श्राद्ध असायचेच. खीर आणि वडे त्यानिमित्ताने पानात पडत, आणि आपल्यासाठीच केले आहेत अशी मी मनाची समजूत घालून घेई. पंचाहत्तर वर्षांत मला कुणी तिथीने ओवाळल्याचे आठवत नाही.

ही उणीव गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, माझ्या मुलीने भरून काढायचे ठरवले. जावयाच्या नोकरीमुळे ती नैरोबीला असते. "बाबा, पंचाहत्तरी इकडेच करायची. तिथीनेच करू, आणि जंगलात करू," असा तिचा फोन आला. कोल्हापुरातल्या माझ्या मित्रमंडळींनी ह्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. एकाने तर रंकाळ्यावर मिसळ खाता खाता विचारले, "मास्तर, ह्या वयात सिंहाला काय देणार? नुसती हाडं?"

मी गेलो तो सिंहासाठी नव्हेच. माझे काम चित्त्याकडे होते, आणि ते पासष्ट वर्षे तुंबून राहिले होते. ते काय, हे सांगण्यासाठी मला तुम्हांला आधी आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी न्यावे लागेल.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, कोल्हापूर दरबारच्या चित्तेखान्यात नोकर होते. आजच्या मुलांना हे कपोलकल्पित वाटेल. पण आपल्याकडे चित्ते पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याची रीत फार जुनी. अकबराच्या पदरी म्हणे हजार चित्ते होते. कोल्हापुरात शाहू महाराजांना ह्या शिकारीचा मोठा शौक. पुढे राजाराम महाराजांच्या काळातही चित्ते होते. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला गाडीवर बसवायचे आणि माळावर काळविटांच्या कळपाच्या जवळ न्यायचे. मग चित्तेवान टोपी काढी. एक क्षण चित्ता नुसता पाही, आणि दुसऱ्या क्षणी गाडीवर कुणी नसे. काळवीट पडले की चित्तेवान धावत जाई आणि लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्यापुढे धरी. तो ते चाटण्यात गुंतला, की पुन्हा टोपी.

आबा ही हकिगत सांगू लागले की आम्ही पोरे श्वास रोखून ऐकत असू. त्यांच्या डाव्या मनगटावर एक लांब पांढरा वण होता. "ह्यो आमच्या सोन्यानं दिला. चूक त्याची न्हवती, माझीच व्हती," असे ते सांगत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, तेव्हा आबांचे ते सारे जग आधीच आटोपत आले होते. आम्ही पाहिले ते अंगणातल्या बाजेवर बसलेले, चंचीतून पान काढून खाणारे आबा. सांगायला त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. तेवढे चित्ते होते.

१९६० सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा, चौथीत, वर्गात पहिला. तेव्हा माझ्या शहाणपणाला पारावार नव्हता. भाऊबिजेचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेले, फराळाची ताटे मांडलेली. आबा नव्या जावईबुवांना चित्त्यांच्या गोष्टी सांगत होते. शेवटचे चित्ते आफ्रिकेतून जहाजाने आले, हे सांगून झाले, आणि मग ते म्हणाले, "आनि पावणं, चित्ता काय वाघावानी डरकाळी फोडत न्हाई बगा. पाखरावानी चिवचिवतंय ते. आंधारात ऐकलं तर वाटंल, चिमणीच बसलीया."

मी ताडकन उठून उभा राहिलो. "आबा, खोटं! चित्ता वाघाच्या जातीचा आहे. तो डरकाळी फोडतो. गुरुजींनी सांगितलंय. आणि आफ्रिकेतून कोल्हापूरला चित्ते कशाला येतील?"

सगळी पंगत हसली. जावईबुवांना ठसका लागला. कुणीतरी म्हणाले, "पोरगं हुशार आहे हं!" वडिलांच्या चेहऱ्यावरसुद्धा मला कौतुकच दिसले. आबाही हसले. "आसंल बाबा. गुरुजी शिकल्यालं मानूस," एवढेच म्हणाले, आणि चंची उघडून बराच वेळ सुपारी शोधत राहिले.

त्यानंतर त्यांनी चित्त्यांची गोष्ट कधी सांगितली नाही. आम्ही आग्रह केला तर म्हणत, "इसरलो रं सगळं." १९६२ साली ते गेले.

पुढे मी स्वतः मास्तर झालो. चौतीस वर्षे इतरांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघा ओढल्या. स्वतःची चूक मात्र हप्त्याहप्त्याने कळत गेली. हिंदुस्थानातले चित्ते विसाव्या शतकाच्या आरंभी दुर्मीळ होत गेले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर ह्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते, हे मी पुस्तकात वाचले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. म्हणजे निम्मे तरी आबांचे खरे ठरले. पुढे वाचले ते आबांनी कधी सांगितले नव्हते. पाळीव चित्त्यांना सहसा पिल्ले होत नाहीत. जहांगीर बादशहाने आपल्याकडे एका मादीला पिल्ले झाल्याचे नवल म्हणून नोंदवून ठेवले आहे. तेव्हा दर वेळी रानातलाच चित्ता धरून आणावा लागे. शतकानुशतके माणसे धरून आणत राहिली, गवताळ माळ नांगराखाली गेले, उरलेल्यांना बंदूक लागली. आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आबांचा जिवापाड जिव्हाळा खरा, आणि त्या जिव्हाळ्याच्या हातात साखळी होती हेही खरे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात आणले गेले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होतो. आफ्रिकेतून चित्ते आणण्याला सगळे अपूर्वाई म्हणत होते. मला आबांची बाज दिसत होती. पण टीव्हीवरच्या चित्त्यांचा आवाज काही ऐकू आला नाही.

असो. मुंबईहून नैरोबीला विमान सुमारे सहा तासांत जाते. तिकडचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे, तेव्हा पंचाहत्तरी गाठण्याआधी मी अडीच तास तरुण झालो. परका मुलुख म्हणून मी बिचकत उतरलो, तर रस्त्यावर माणसे मोटारीला 'गारी' म्हणत होती, दुकानाला 'दुका' आणि चहाला 'चाय'. 'सफारी' ही तर आपल्या सफरीची सख्खी बहीण. दोन दिवसांत माझी भीड चेपली.

मसाई माराला आम्ही मोटारीने गेलो. नैरोबी सोडल्यावर एका वळणावर जमीन एकाएकी संपते आणि खाली ती प्रचंड खचदरी पसरलेली दिसते. मग नारोक गाव, आणि पुढे नुसते गवत. मसाई भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. पिवळ्या गवतावर एकेकटी झाडे आणि ढगांच्या सावल्या अशा पडलेल्या असतात, की साऱ्या पठारालाच चित्त्याचे कातडे पांघरल्यासारखे वाटते.

पंचमीच्या पहाटे आम्ही निघालो. विषुववृत्त हाकेवर आणि मी मात्र स्वेटर, मफलर आणि कानटोपीत! पठाराची उंची पन्हाळ्याच्या दीडपट तरी असेल. मुलीने निरांजन, सुपारी आणि बेसनाचे लाडू डब्यात भरून घेतले होते. पण रानात काडी ओढायची नाही, असे आमच्या मसाई सारथ्याने सांगितले, म्हणून ओवाळणे संध्याकाळवर गेले. बरोबर माझी नऊ वर्षांची नात होती. दुर्बीण तिच्या गळ्यात आणि जगाचे ज्ञान तिच्या जिभेवर. झाडावर एक ठिपक्यांचे शेपूट लोंबताना पाहून मी उत्साहाने "चित्ता!" म्हणालो, तशी ती म्हणाली, "आजोबा, चूक! तो लेपर्ड आहे. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, रडल्यासारखी." मुलगी तिला दटावू लागली. मी म्हटले, "राहू दे. तिचं बरोबर आहे."

दुपारपर्यंत हत्ती झाले, जिराफ झाले, नदीकाठी हजारो विल्डबीस्ट झाले. सिंह तर देवळातल्या पुजाऱ्यांसारखे सावलीत लोळत होते. सारथी दर थोड्या वेळाने विचारी, "दुमा?" दुमा म्हणजे चित्ता. मी मान डोलवी.

ऊन कलले तेव्हा त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले. एका वारुळावर ती उभी होती. सडपातळ अंग, लहानसे डोके आणि गालांवर ओघळलेल्या त्या दोन काळ्या रेघा. ती दूरवर चरणाऱ्या हरणांकडे पाहत होती. आमच्या गाडीकडे तिने एकदा पाहिले आणि आम्ही नसल्यासारखी मान वळवली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. टोपी नव्हती, साखळी नव्हती. आबांनी असा चित्ता कधी पाहिला नसेल.

इतक्यात कुठेतरी एक पाखरू बोलले. बारीक, तीक्ष्ण, चिमणीहून थोडे मोठे. मी सवयीने वर पाहिले. वर झाड नव्हतेच. पुन्हा तोच आवाज आला, आणि गवतातून तशाच, पण आणखी बारीक आवाजांनी उत्तर दिले. सारथ्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि वारुळाकडे बोट केले. आवाज येत होता तसतशी तिची पोटे आत जात होती. गवत हलले, आणि पाठीवर राखी लव असलेली तीन पिल्ले धडपडत तिच्याकडे निघाली.

"आजोबा, ती बोलावतेय त्यांना," नात कुजबुजली. "चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही. तुम्हांला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, "मला सांगितलं होतं एकांनी. मी ऐकलं नव्हतं."

मग तिला माझे डोळे दिसले असावेत. तिने निमूटपणे दुर्बीण माझ्या हातात दिली. मला त्यातून काहीच दिसले नाही, हे तिला सांगितले नाही.

संध्याकाळी मुक्कामावर, तंबूच्या ओसरीत, मुलीने मला ओवाळले. पंचाहत्तर वर्षांनी खऱ्या तिथीला पहिले निरांजन! लाडू हातात आला तेव्हा आठवले, पंधरवडा पितरांचा आहे. मी लाडवाचा एक घास मोडून ओसरीच्या कठड्यावर ठेवला. कावळा तिथे नव्हता. निळ्या पाठीची, तांबूस पोटाची एक साळुंकी उतरली आणि घास उचलून गेली. आबांना चालले असते. पाखरांविषयी त्यांची तक्रार कधीच नव्हती.

रात्री नातीला मी सारे सांगितले: गाडी, टोपी, लाकडी पळी, सोन्या आणि मनगटावरचा वण. ते चित्ते इथूनच कुठूनतरी धरून नेले आणि परत कधी आले नाहीत, हेही सांगितले. आणि भाऊबिजेच्या पंगतीत एक शहाणा मुलगा काय बोलला, तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"आमच्या वेळी तसं म्हणायची पद्धत नव्हती."

"आता म्हणा ना!"

बाहेर काळोख होता आणि लांब कुठेतरी तरस ओरडत होते. मी म्हणालो, "आबा, तुमचंच खरं होतं." मराठीतच म्हणालो. मसाई माराने ते आजवर कितीदा ऐकले असेल कोण जाणे, पण त्याने ऐकून घेतले.

कोल्हापूरला परतल्यावर महिन्याभराने नातीचा फोन आला. स्वर रडवेला होता. शाळेत तिने सांगितले होते, की माझ्या खापरपणजोबांनी चित्ते पाळले होते; आणि सगळा वर्ग हसला होता. "आजोबा, कुणालाच खरं वाटत नाही!"

"वाटेल," मी म्हणालो. "तू सांगायचं मात्र थांबवू नकोस. कधी कधी पासष्ट वर्षं लागतात."