चौदा तास जमतात, मग चोवीस का नाही?

माझा मामेभाऊ रोह्याचा. वय बत्तीस, नोकरी धाटावच्या एमआयडीसीत. गेल्या पावसाळ्यात त्याला कोरडा खोकला लागला. जिना चढला की धाप लागायची. एक्स-रेत फुफ्फुसांच्या वरच्या भागात डाग दिसले आणि घरात सगळ्यांनी टीबी ठरवून टाकला. मामीने ताट-पेला वेगळा केला. थुंकीत मात्र जंतू सापडेनात.

पुढे मुंबईत सीटी स्कॅन, बायोप्सी झाली. कागदावर लांबलचक नाव आलं: पल्मनरी लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. पॉल लँगरहॅन्स या जर्मन संशोधकाने १८६८ मध्ये त्वचेतल्या ज्या पेशींचं वर्णन केलं, तसल्या पेशी या आजारात बारीक श्वासनलिकांभोवती जमतात. त्यांच्या गाठी होतात, गाठींच्या पोकळ्या होतात. पोकळी फुटली तर छातीत हवा साठून फुफ्फुस दबतं. आजार दुर्मीळ, पण मोठ्या वयाच्या रुग्णांत नव्वद टक्क्यांहून अधिक धूम्रपान करणारे.

डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या नाहीत, सिगारेट बंद करायला सांगितली. "एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढाच इलाज?" मामू वैतागले. पण आगीत लाकूड टाकणंच थांबवायचं होतं. सिगारेट सुटली की अनेकांचा आजार थांबतो, काहींच्या गाठी विरतात. सगळ्यांच्या नाही, काहींना पुढे औषधं लागतातच.

मी पेणला राहतो. दर रविवारी गाडीने रोह्याला जाऊ लागलो. एकदा तो म्हणाला, "भाई, रमजानमध्ये चौदा तास ओढत नाही. पण इफ्तारला खजूर तोंडात असतानाच हात खिशात जातो."

"चौदा तास जमतात ना? मग उरले दहाच."

तो हसला नाही. "पहिली तुम्हीच दिली होती, पेण स्टेशनबाहेर."

खरं होतं. परतीच्या गाडीत माझ्याही खिशात पाकीट होतं. त्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. आम्ही दोघांनी फोन केला. तो दोनदा घसरला, मी तीनदा.

सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी कमी झाल्या आहेत, पोकळ्या तशाच आहेत. जे गेलं ते गेलं. खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना आपण काय ओढतो, किती ओढतो हे न लाजता सांगा. आम्ही ते फार उशिरा सांगितलं.