अळीचा वाटा

विज्ञानाचे सामाजिक मूल्य या विषयावर मी वर्गात पुष्कळ बोललो असेन. त्याचा खरा धडा मात्र मला करजणजवळच्या एका कपाशीच्या शेतात मिळाला.

बडोद्यात जीवशास्त्र शिकवीत असताना कानम प्रदेशातील एका शेतकऱ्याशी माझा स्नेह जडला होता. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीला केंद्राची परवानगी मिळाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी तो बियाणे घेऊन घरी आला. मी उत्साहाने सांगू लागलो: मातीतल्या एका जिवाणूचे जनुक या बियाण्यात घातले आहे, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते खाल्लेल्या बोंडअळीचे आतडे फाटून ती मरते. तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत आलेली १२० ग्रॅमची पुडी पुढे केली. "आणि हे कशाला, साहेब?"

"साधे बी आहे. कडेने लावायचा नियम आहे," एवढेच मी म्हणालो.

वस्तुतः त्या तंत्राचे आयुष्य त्या पुडीवर अवलंबून होते. साध्या कपाशीवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटी पिकावर वाचलेल्या एखाददुसऱ्या पतंगाशी संयोग पावतात आणि पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती सहसा प्रबळ होत नाही. मला हे ठाऊक होते. पण चार बिघ्यांच्या धन्याला स्वखर्चाने अळी पोसायला सांगण्याचा मला संकोच वाटला. त्याने पुडी टाकून दिली. बहुतेकांनी तेच केले.

९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, तेव्हा आमच्या मंडळातील चर्चेत मी तावातावाने विज्ञानाची बाजू मांडली. त्याच सुमारास गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दोन जनुकांचे वाणही तिला रोखू शकले नाही. मित्राच्या शेतावर गेलो, तेव्हा त्याने एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवले. आत अळी होती. त्या पुडीची हकिगत मी त्याला तेव्हा सांगितली.

तो शांतपणे म्हणाला, "पाखरांचा वाटा आम्ही सोडतोच. अळीचाही सोडला असता, कदाचित. पण कशासाठी, ते कळायला हवे होते."

एकट्याच्या चार ओळींनी ही अळी थांबली नसती, हे खरे. जनुकात बदल करणे हे मला आजही पाप वाटत नाही. परंतु साऱ्या शिवाराच्या हितासाठी ज्याने तोटा सोसायचा, त्याला त्या तोट्याचे कारण न सांगणे ही अनीतीच होय, आणि ती माझ्या हातून घडली. शेतकऱ्याला समजणार नाही असे म्हणून आपण बहुधा स्वतःचा संकोच झाकत असतो.

पुढे साधे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. आता शेतकऱ्याला विचारण्याची गरजच उरली नाही, असे एखाद्याला वाटेल. त्या हंगामात मित्राचा फोन आला, "यातले साधे दाणे कोणते, साहेब?"

"ते ओळखता येणार नाहीत," मी म्हणालो. "पण ते का घातले आहेत, ते आधी ऐक."