द्वादशीचा समुद्र

खोली हवी म्हणून दिवेआगरला फोन केला. माणसं किती, मासे खाता का, यातलं काही विचारायच्या आधीच पलीकडच्या बाई म्हणाल्या, "या शनिवारी कशाला येताय ताई? पंचमी आहे. पावणेचारला पाणी भरेल. पोरांना काय भर उन्हात डुंबवणार? पुढच्या शनिवारी या. द्वादशी आहे."

मी शनिवार निवडला होता तो सुट्टी जोडून येत होती म्हणून. त्यांनी तो खोडला चंद्राकडे बघून. तेव्हापासून तो हिशेब डोक्यातून जात नाही. पाचाची पाऊणपट पावणेचार, बाराची पाऊणपट नऊ. शुद्ध असो की वद्य, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ हातात येते. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तिथी दिवसाहून किंचित तोकडी, म्हणून तिथीमागे ४८ मिनिटं पडतात. या हिशेबात ४५ धरली आहेत. पार पौर्णिमेपर्यंत गेलं तरी पाऊण तासाचाच फरक, आणि गावागणिक थोडं मागेपुढे होतंच. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हे तोंडी यायचं. भिंतीवर कॅलेंडर आणि डोक्यात पाढा, एवढ्यावर सगळा किनारा चालत होता. मला ही पाठांतराची विद्या फार श्रीमंत वाटते.

आपण सहल आखतो ती गाडीच्या वेळेवर आणि खोली सोडायच्या वेळेवर. मग सकाळी साडेनऊला, पंचमीच्या ऐन ओहोटीला, पाणी कुठच्या कुठे गेलेलं असताना किनाऱ्यावर पोचतो, आणि ते परत येतं तेव्हा सूर्य डोक्यावरून जेमतेम कललेला असतो. अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीच हवी, आणि परतायचं ते पाणी चढायच्या आत. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, तिथे माणूस रमतो आणि घड्याळ विसरतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही खडकांवर भरतीच्या वेळी जाऊ नये, हे तिथला प्रत्येक दुकानदार सांगतो आणि ऐकणारे थोडेच असतात.

द्वादशीला मात्र सगळं जुळून येतं. उजाडताना पाणी चढत असतं, नऊला भरतं, तीन-सव्वातीनला पार खाली जातं. एकादशी कालच झालेली, त्यामुळे जेवणही पारण्याचं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारी उलटा, खारा वारा सुटतो. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पोरांना एकदा पहाटे आणि एकदा दुपारी एकाच जागी उभं केलं तर दोन्ही अंगावरच कळतात. मात्र मतलई वाऱ्यात रबराचं चाक किंवा चेंडू पाण्यात नेऊ नये. वारा तो आत, खोल पाण्याकडे ढकलतो आणि पोर त्याच्या मागे जातं.

गुहागरला माझ्या आत्याचं घर होतं. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं, आणि बेडं उघडलं की वाळू. मे महिन्यात आम्ही सगळी आतेमामे भावंडं तिथे. आरोग्य हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही, पण तिचा दिवस असा बसवलेला असायचा की संध्याकाळी कुणी करपलेलं नसे, कुणाचं डोकं दुखत नसे. सूर्य वर यायच्या आत कपभर चहा आणि गूळखोबरं हातावर ठेवून ती आम्हाला बाहेर काढी. स्वतः पाण्यात येत नसे. येताना सुरूची एक काठी आणी आणि पाणी जिथवर पोचत असेल तिथे रोवून बसे. लाट काठीला ओलांडून वर जात होती तोवर आम्ही पाण्यात, कमरेइतक्या पाण्यात, दोघादोघांनी हात धरून, तोंड समुद्राकडे. एकामागून एक लाटा काठीच्या अलीकडेच थांबू लागल्या की तिची हाक येई, "चला रे, पाणी उतरायला लागलं." मग गयावया चालत नसे. चढत्या पाण्यात खेळायचं, उतरत्या पाण्यात नाही, हा तिचा कायदा. उतरतं पाणी माणसाला आत ओढायला मदत करतं, हे पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं.

तिथून थेट विहिरीवर. रहाटाचं पाणी दोणीत पडे आणि दोणीतून आमच्या डोक्यावर. अंगावर मीठ वाळू द्यायचं नाही. कानामागची, बोटांच्या बेचक्यातली वाळू ती स्वतः बघे. मग पानावर गुरगुट्या भात, त्यावर तूप, मेतकूट, पोह्याचा पापड. मीठ सढळ. या जेवणाची थोरवी मला आता कळते. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. पाण्याबरोबर मीठ जातं, ते परत द्यायला पातळ, खारट, पोटाला हलका भात याहून चांगलं काही मला सुचत नाही. शहाळं गोड असतं, त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. म्हणून नुसत्या शहाळ्यावर दिवस काढू नये. कोकमाच्या सरबतात मीठ आणि जिरं घालतात ते उगीच नव्हे.

दहा ते चार बेडं बंद. ते तास पोफळींच्या सावलीचे. खाली चटया, हातात पत्ते किंवा मागच्या वर्षीचे दिवाळी अंक, मध्येच कुणीतरी फोडलेल्या बरक्या फणसाचे गरे. शिंपणं चालू असलं की पाटाला पाणी येई आणि आम्ही त्यात पाय सोडून बसत असू. समुद्र दिसत नसे, त्याचा आवाज मात्र झावळ्यांतून सतत येत असे. आजही किनाऱ्यावरचा दिवस म्हटलं की मला लाटांच्या आधी हे सावलीतले तास आठवतात, आणि ते ज्या सहलीत नाहीत ती मला सहल वाटत नाही.

चार वाजून गेले की आत्या आपल्या पायांसाठी निघे. गुडघे दुखत तिचे. लुगडं पोटरीपर्यंत खोचून ओल्या, घट्ट वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालायची. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्याला त्रास होतो, म्हणून तिकडे नाही. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वारा पाठीशी, म्हणजे दमल्यावर वाट सोपी. आणि गेली त्याच वाटेने परत यायची, कारण किनारा उतरता. जाताना जो पाय खालच्या बाजूला पडतो तो येताना वरच्या बाजूला पडतो. हे तिला कुणी शिकवलं असेल, कोण जाणे. व्याडेश्वराच्या देवळापलीकडे तिचं जग फारसं गेलं नव्हतं.

तिच्या काळी नव्हत्या अशा दोनतीन गोष्टी मी जोडते. खाऱ्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण चामडी भाजतच असते. म्हणून लांब बाह्यांचे सुती कपडे, आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावर पुन्हा. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा सपाट, गढूळ दिसला तर तिथे उतरू नये. तो निवांत वाटतो, पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच आत ओढलं जातं. सापडलंच तर त्या ओढीशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावं. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच कोळी समुद्राला हात घालतात. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते थांबतात, तर आपण कोण? त्याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यांवर निळसर पारदर्शक फुगे वाहून येतात, ब्लू बॉटल. मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही. तळलेली सुरमई संध्याकाळी, डुंबण्याच्या आधी कधीच नाही. आणि वाळूवर जीप आणि चारचाकी बाइक पळवण्याला माझा ठाम विरोध आहे.

कारण ओहोटीची ती ओली वाळू रिकामी नसते. द्वादशीला दुपारी चारनंतर गेलं तर दूरवर पसरलेल्या वाळूवर बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या दिसतात. वाटाण्याएवढे खेकडे त्या घालतात. पाणी उतरलं की बिळातून वर येतात, नांग्यांनी वाळूचा वरचा पापुद्रा खरवडून तोंडात घालतात, त्यातलं सूक्ष्म अन्न वेगळं करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. बिळाच्या तोंडापासून सरळ रेषेत बाहेर सरकत जातात, मग परत येऊन दुसरी रेषा. पाऊल वाजलं की सगळे एकदम गडप. पोरांना सांगायचं, पोटावर पडा आणि हलू नका. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारी पोरं इथे अर्धा तास पडून राहतात, खेकडा पुन्हा कोणत्या बिळातून निघणार यावर पैजा लावतात, आणि पाणी तिथवर परत पोचायच्या आत कोणाची रांग लांब झाली ते बोटांनी मोजतात.