निवेदकाचे स्वातंत्र्य आणि उणे दोन

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळाची चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली. आमच्या मेजावर निवेदक मी असे. त्यामुळे ती मला संगणकाची नक्कल आणि माझ्या अधिकारावरचे आक्रमणही वाटली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) सारख्या ऑनलाइन खेळांतली श्रमविभागणी (मार झेलणारा, घाव घालणारा, जखमा भरून काढणारा) तीत नियमबद्ध झालेली दिसत होती. संहितेने निवेदकाची जागा बळकावली, असा निवाडा मी देऊन टाकला.

अलीकडे नियमपुस्तक पुन्हा वाचताना तो डळमळला. ऑनलाइन खेळात योद्धा डिवचतो आणि राक्षसाला त्याच्यावरच तुटून पडावे लागते. निवड करणारे तेथे कोणी नसते. मेजावर मात्र राक्षसामागे माणूस असतो. म्हणून येथे सक्ती नाही. योद्ध्याने हेरलेल्या शत्रूने त्याला वगळून दुसऱ्यावर वार केला, तर फाशाच्या बेरजेतून दोन वजा होतात आणि शेजारी उभ्या योद्ध्याला प्रतिवाराची संधी मिळते. राक्षस कोणाकडे वळेल, हे अजूनही निवेदकच ठरवतो. फक्त त्या निवडीला आता किंमत आहे.

प्रभाव शोधताना मी काय उचलले, एवढेच मोजत होतो. उचललेले बदलावे का लागले, हा खरा प्रश्न माझ्याकडून सुटला होता.